डाव्या कुशीवर ऐकू येणारा आवाज

मेडिसिनच्या प्रिलिममध्ये मी नापास झाले तेव्हा आम्हाला वाशीला राहायला येऊन चार वर्षं झाली होती. वडील फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. आई-वडील दोघंही मराठवाड्यातल्या खेड्यातून मुंबईत आलेले, आणि माझं सगळं लहानपण भायखळ्याच्या एका खोलीत गेलेलं. खाडीपलीकडे नवं शहर वसतंय, कारकुनांनाही परवडतील अशी घरं तिथे मिळतात, हे वडिलांना कचेरीत कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी अर्ज केला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, लिफ्ट नाही, आणि एक एवढीशी गॅलरी. त्या गॅलरीतून खाडीपर्यंत मधे काही आडवं येत नसे. आता तिथे उभं राहिलं तर समोरच्या इमारतीतल्या बाईने कपडे कुठल्या रंगाचे वाळत घातलेत तेवढं दिसतं.

मी कॉलेजच्या होस्टेलवर राहत असे. शनिवारी दुपारी बस पकडून, पूल ओलांडून घरी यायचं आणि सोमवारी सकाळी परत जायचं. आमच्या दोन्ही घराण्यांत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे मी नापास होऊ शकते हे घरात कुणाच्या मनातच येत नसे. माझ्याही येत नसे.

आमच्या वेळी डॉक्टर होण्याची परीक्षा कागदावर थोडी आणि खाटेशेजारी फार अशी असायची. पेपर उत्तम गेले तरी प्रॅक्टिकलमध्ये गेलात तर सगळा विषय गेला, आणि मग सहा महिने थांबा. प्रॅक्टिकलला एक लाँग केस असे. एक रोगी तुमच्या वाट्याला यायचा, पाऊण तासात त्याची सगळी हकिकत विचारायची, त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, आणि मग परीक्षक येऊन खाटेशी उभे राहायचे. त्यानंतर शॉर्ट केसेस. तिथे हकिकत विचारायला बंदी. ‘हिचं हृदय ऐका’, ‘याचं पोट तपासा’, आणि पाच मिनिटांत काय सापडलं ते सांगा. रोग्याला आम्ही ‘केस’च म्हणायचो. चांगली केस म्हणजे जिच्यात रोगाच्या खुणा ठळक सापडतात ती. तेव्हा त्या शब्दात काही खटकत नसे.

प्रिलिम म्हणजे खऱ्या परीक्षेआधी आमच्याच कॉलेजच्या शिक्षकांनी घेतलेली चाचणी. आमच्या युनिटचे सर शिडशिडीत, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी मला शॉर्ट केस दिली. पंचविशीतली एक बाई, बोलताना दम लागणारी. “हिचं हृदय ऐक,” एवढंच म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी स्टेथोस्कोप लावला. मला धडधड ऐकू आली, दुसरं काही नाही. पण तरुण बाई, धाप लागते, आणि सरांनी हृदय ऐकायला सांगितलंय, म्हणजे मायट्रल झडप अरुंद झालेली असणार, हे मी मनात पक्कं केलं. तेव्हा हा आजार गोरगरिबांत फार दिसायचा. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, ते बरं होतं, आणि मग कित्येक वर्षांनी कळतं की त्या तापाने हृदयाची झडप आवळून टाकली आहे. अशा हृदयाचा पहिला ठोका मोठा असतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एक खोल घरघर ऐकू येते. आम्ही तिला मर्मर म्हणायचो. पुस्तकातलं ते अर्धं पान मला तोंडपाठ होतं.

सर परत आले. मी ते अर्धं पान म्हणून दाखवलं.

“हे सगळं तुला ऐकू आलं?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“मर्मर नीट ऐकू आली? कुठे?”

मी बोटाने जागा दाखवली.

सरांनी त्या बाईला झोपायला सांगितलं, तिच्या अंगावर चादर नीट केली आणि मला व्हरांड्यात नेलं. “तिचं हृदय तुझ्यामाझ्यासारखं आहे,” ते म्हणाले. “तिला दमा आहे. तू ‘मला काही ऐकू आलं नाही’ एवढं म्हणाली असतीस तरी मी तुला पास केलं असतं. न ऐकलेलं ऐकलं म्हणणारी डॉक्टर मला पुढे पाठवायची नाही.”

परीक्षेच्या फॉर्मवर त्यांची सही लागत असे. दोन महिन्यांनी येऊन मला पुन्हा दाखव, मग सहीचं बघू, असं सांगून ते पुढच्या विद्यार्थ्याकडे गेले.

त्या शनिवारी मी घरी आले आणि आईला सांगितलं. तिने फार काही विचारलं नाही. “मंग कान तयार कर,” एवढंच म्हणाली आणि पीठ मळायला लागली. जणू कान तयार करणं म्हणजे कणीक भिजवण्यासारखंच एक काम.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी एक मासळीवाली यायची. जवळच्या जुन्या गावातली, चाळिशीच्या आतली. आम्ही सगळे तिला मावशीच म्हणत असू. तिच्या घरची भातशेती नव्या शहरात गेली होती. नवऱ्याला रबाळ्याच्या एका कारखान्यात काम लागलं होतं, आणि ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या इमारतींतून फिरायची. मूलबाळ नव्हतं. मोठ्याने हसायची. तिचा आवाज तळमजल्यावरून ऐकू यायचा, पण ती तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत बराच वेळ जायचा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती पाटी कठड्यावर टेकवून थांबे. इतकी वर्षं मी तिला थांबताना पाहत होते. मला वाटायचं, पाटी जड आहे.

त्या रविवारी ती दारात टेकली आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. गालांवर तांबूस-जांभळट छटा. गळ्याशी फडफडणारी शीर. कोळंबी वाटीने मोजून देता देता ती मधेच थांबून श्वास घेत होती.

“मावशी, लहानपणी कधी सांधे सुजले होते का?”

“सुजले होते तर! आठ-नव वर्साची असंन. दोन महिने खाटंवर होते. आयशीनं पाला बांदला न् बरी झाले.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “का गो? तुना कसा कलला?”

मी तिला आत बोलावलं. आईने चटई घातली. आधी मी तिला उताणं झोपवून ऐकलं, पण काही उमगलं नाही. पहिला ठोका मोठा वाटत होता, पण आता माझा माझ्या वाटण्यावर भरवसा उरला नव्हता. मग सरांनी वॉर्डात कधीतरी सांगितलेलं आठवलं. डाव्या कुशीवर वळवा. श्वास सोडून थांबायला सांगा. स्टेथोस्कोपची घंटेसारखी खोलगट बाजू लावा, आणि दाबू नका, दाबलं की तो आवाज निघून जातो.

मावशी डाव्या कुशीवर वळली. मी हात हलका केला. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, आईने जाऊन तो नळ बंद करवला. आणि मग, दोन ठोक्यांच्या मधे, फार लांबून, कच्च्या रस्त्यावरून जड गाडी जावी तशी एक घरघर आली. गेली. पुन्हा आली.

मी किती वेळ ऐकत राहिले कोण जाणे. मावशी शेवटी म्हणाली, “श्वास घेऊ का गो आता? का मारतस मना?”

आम्ही तिघीही हसलो. मी तर रडतही होते, कारण मला ऐकू आलं होतं. त्या आनंदात, हा आवाज म्हणजे समोरच्या बाईचं हृदय हळूहळू हरतंय, हे माझ्या डोक्यात थोडं उशिराच शिरलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसने माझ्याबरोबर हॉस्पिटलात नेलं. सरांनी तिला तपासलं, छातीचा एक्स-रे फोटो काढला, हृदयाच्या आलेखाची पट्टी काढली, आणि ऑपरेशन करायला हवं म्हणाले. छाती उघडून आवळलेली झडप मोकळी करायची. तेव्हा ते मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत होत असे, पण यादी लांब असायची. महिन्याभरानंतरची तारीख मिळाली. तोवर गोळ्या, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ओझं उचलायचं नाही. ओझ्याचं तिने ऐकलं नाही, पाटी तेवढी लहान केली.

त्या महिन्यातले शनिवार-रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. शनिवारी बसमधून उतरले की मी आधी जुन्या गावात मावशीच्या घरी जायची. कौलारू, बसकं घर. पुढच्या पडवीत जाळी टांगलेली. ती मला आधी चहा द्यायची, मग स्वतःच चटई घालून डाव्या कुशीवर वळायची. मी डोळे मिटून ऐकायची. कधी तिला अंगणात दहा पावलं चालायला लावून ऐकायची, कारण थोडं चाललं की मर्मर ठळक होते. मी तिला एकदा माझा स्टेथोस्कोप दिला. तिने तो कानात घालून आधी स्वतःचं ऐकलं, मग माझं.

“तुजा साफ हाय,” ती म्हणाली. “टक टक. माज्यात बघ, मिक्सर लागलाय.”

मिक्सर तिने आमच्या इमारतीत कुणाकडे तरी पाहिला होता.

तिचा नवरा पहिल्या पाळीवरून परत आला की दारात चपला काढता काढता विचारायचा, “झाली का शाला?” मी हो म्हणायची, आणि मग तो घरात यायचा. आजही कधी एकटी बसले की त्या पडवीतली ती दुपार मला हवी असते. पुढे मी मोठमोठ्या हॉस्पिटलांत बसले, चांगल्या खुर्च्यांवर बसले. पण त्या चटईवर गुडघे टेकून बसताना जसं वाटायचं, की एक माणूस आपलं अख्खं हृदय आपल्यापुढे ठेवून निवांत पडलंय आणि आपल्याला फक्त ऐकायचंय, तसं पुन्हा वाटलं नाही.

ऑपरेशनची तारीख सोमवारची होती. आदल्या शनिवार-रविवारी मी होस्टेलवरच राहिले होते, बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटी होती. सोमवारी दुपारी मी सर्जरीच्या वॉर्डात तिला बघायला गेले तर खाट रिकामी. सिस्टर म्हणाली, “तुमची बाई आलीच नाही. तिचा नंबर दुसऱ्याला दिला.”

शनिवारी मी तडक तिच्या घरी गेले. मावशी पडवीत जवळा निवडत बसली होती. मला बघून नेहमीसारखी हसली.

“मावशी, गेली का नाहीस?”

“जाईन ना. तुजी परीक्षा होऊ दे.”

“माझ्या परीक्षेचा काय संबंध?”

“तुजे सरांनीच सांगला ना, ऑपरेशन झाला का आवाज जानार. मंग तू काय आयकशील? तुज्या सरांना काय दाखवशील?” ती हात झटकत उठली आणि चटई आणायला आत गेली. “इतकी वर्सं काय झाला नाय. आनी एक महिन्यानं काय होतंय मना?”

पुढचं लिहायला मला आजही जड जातं. मला तेव्हाच्या तेव्हा तिला रागवायला हवं होतं. पण सगळ्यात आधी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. तीन आठवड्यांवर सरांची चाचणी आली होती आणि माझे कान अजून कच्चे होते. तिने चटई घातली, डाव्या कुशीवर वळली, आणि मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. मी ऐकलं. नीट, शांतपणे, शेवटपर्यंत ऐकलं. आणि मग ती उठून बसल्यावर म्हणाले, “मावशी, असं करू नकोस. मी सोमवारी नवी तारीख घेते. यायचंच.” ती बरं म्हणाली. नवी तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. “आन् तू तिला तपासलंस? आज?”

“ऐकलं,” मी म्हणाले.

“लेकरा, तू काय करायलीस? तिला न्यायचं सोडून तू तिच्यावर अभ्यास करायलीस?” माझ्या आईला सहीपुरती अक्षरं येत होती.

नऊ-दहा दिवसांनंतरची गोष्ट. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी कॅज्युअल्टीवरून जात होते, आणि दारात मला आई दिसली. माझी आई, जी मुंबईला एकटी कधी येत नसे. तिच्या लुगड्यावर खांद्यापासून खाली गुलाबी फेस सुकला होता. तिच्या अंगावर रेलून मावशी बसली होती, डोळे मोठे झालेले, प्रत्येक श्वासाला पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज.

मावशी आमच्याच जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली ती उठलीच नव्हती. आईने खालच्या मजल्यावरच्या माणसाचा टेम्पो थांबवला होता. “आडवं केलं की तिचा जीव घुसमटायचा,” आई नंतर सांगत होती, “म्हनून मी तिला छातीशी धरून बसले. पूल सरता सरेना.” आडवं न झोपवणं हेच बरोबर होतं. पुस्तकात आम्हाला ते ठळक अक्षरांत दिलेलं होतं. आईला ते मावशीकडे बघूनच कळलं.

कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. मी एका कोपऱ्यात उभी होते. मला कुणी काही करायला सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तर माझे हात चालले नसते. संध्याकाळपर्यंत मावशीचा श्वास खाली बसला. तिने मान वळवून मला शोधलं आणि मास्क बाजूला करून म्हणाली, “परीक्षा कदी हाय गो?”

त्याच आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. तिला आता यादीत थांबवता येत नव्हतं. मला आत जाऊन बघता आलं असतं, विद्यार्थ्यांना परवानगी असे. मी बाहेरच्या बाकावर तिच्या नवऱ्याशेजारी बसून राहिले. तो कारखान्याच्या खाकी कपड्यांतच आला होता. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, झडप चांगली मोकळी झाली, तेव्हा तो उठला, हात जोडले आणि मला म्हणाला, “तू होतीस म्हनून.” मला त्याला खरं सांगायचं होतं. सांगितलं नाही.

सरांना मात्र सांगितलं. चाचणीच्या दिवशी सर मला वॉर्डात घेऊन गेले आणि नेमके मावशीच्याच खाटेशी थांबले. तिचे टाके नुकतेच निघाले होते. “हिला ऐक,” ते म्हणाले. मावशी सवयीने स्वतःच डाव्या कुशीवर वळायला लागली, पण त्याच बाजूला जखम होती, मी तिला हाताने थांबवून हळू वळवलं.

मी बराच वेळ ऐकलं. पहिला ठोका अजून मोठा होता. पण ती घरघर, जी मला झोपेतही ओळखू आली असती, ती कुठेच नव्हती. शेवटी अगदी कान ताणल्यावर तिचा एक धागा लागला, लागला आणि विरला.

“सर, मर्मर जवळजवळ गेली आहे. अगदी थोडी उरली आहे, किंवा मला ती उरली आहे असं वाटतंय. नक्की सांगता येत नाही.”

“ठीक,” सर म्हणाले, आणि फॉर्मसाठी हात पुढे केला.

मी फॉर्म दिला नाही. व्हरांड्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ती तारखेला का आली नाही. मला ते कळलं तेव्हा मी आधी काय केलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. “तू तिला थांब म्हणाली होतीस?”

“नाही सर. पण तिने तसं करावं असं मला क्षणभर वाटलं होतं.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मलाही असं वाटलंय. एकापेक्षा जास्त वेळा. चांगली केस वॉर्डात असली की तिला घरी सोडायला हात उचलत नाही, परीक्षा तोंडावर असते.” त्यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, भिंतीवर धरून सही केली. “फक्त ते वाटलं की ओळखायला शीक. कुठलाही परीक्षक तुला हे विचारणार नाही.”

खऱ्या परीक्षेला मी पांढरा कोट कडक इस्त्री करून गेले. वडिलांनी रजा टाकली होती. आईने सकाळी बुद्धवंदना म्हटली आणि माझ्या पिशवीत टॉर्च, टेप, गुडघ्यावर मारायची हातोडी, कापूस, टाचण्या एकेक करून भरल्या, नावं विचारत. परीक्षेच्या वॉर्डात पंचवीस मुलं खाटांशेजारी ताटकळत उभी, घंटा वाजते, कुजबुज सुरू होते. माझी लाँग केस निघाली पोटातली प्लीहा वाढलेला एक माणूस. शॉर्ट केसेसमध्ये एक अर्धांगवायू आणि एक फुप्फुसात पाणी. बाहेरगावचे परीक्षक जाडजूड, सतत घाईत. त्यांनी मला प्लीहेवर खूप छळलं, दोन प्रश्नांना मी माहीत नाही म्हणाले, आणि पुढे एक्स-रेच्या टेबलावर मी बऱ्यापैकी बोलले. हृदयाची केस माझ्या वाट्याला आलीच नाही. कुणी मला कुणाचंही हृदय ऐकायला सांगितलं नाही.

निकाल बोर्डावर लागला. माझा नंबर होता. मार्क यथातथाच होते.

रविवारी मावशीकडे गेले. ती आता जिना चढू लागली होती, पण नवऱ्याने पाटी बंद केली होती, ती पडवीतच मासळी विकायची. मी पास झाले हे ऐकून तिने आधी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, मग विचारलं, “आला का आवाज? बरोब्बर सांगितलास ना?”

“मावशी, हृदय आलंच नाही. पोटाची केस आली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. पदर तोंडावर धरला, जखमेवर हात दाबला, आणि हसतच राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “पोट!” ती पुन्हापुन्हा म्हणत होती. “आनी मी महिनाभर कुशीवर निजून ऱ्हायले! पोट!” तिचा नवरा बाहेरून धावत आला, काय झालं म्हणून. हसणं थांबलं आणि दम लागला नाही, हे आमच्या दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला.

पुढचं वर्ष इंटर्नशिपचं. दर तीन आठवड्यांनी रविवारी मी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन देत असे. ते फार दुखतं. ती दर वेळी मला शिव्या द्यायची आणि नंतर कालवण वाढायची. वर्ष संपलं, कौन्सिलचं नोंदणीचं प्रमाणपत्र आलं, वडिलांनी ते काच लावून भिंतीवर टांगलं, आणि मी मराठवाड्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. जायच्या आधी मावशीला सांगून गेले, इंजेक्शन चुकवायचं नाही, इथल्या दवाखान्यात जायचं. “तुज्यावानी हलका हात नाय त्यांचा,” ती म्हणाली. मी म्हणाले, दिवाळीला येते.

त्या दिवाळीला रजा मिळाली नाही. मग लग्न झालं, मग मुलगी झाली, मग बदली. वाशीला यायची तेव्हा दोन दिवसांसाठी, आणि त्या दोन दिवसांत जुन्या गावात जायचं राहून जायचं. आईकडून कळायचं: मावशी बरी आहे, मावशीचं घर पाडून तिथे इमारत होतेय, मावशी आणि नवरा कामोठ्याला तिच्या बहिणीकडे राहायला गेले. कामोठे तेव्हा माझ्या दृष्टीने लांब होतं, दोन बस बदलाव्या लागायच्या. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी पत्रही लिहिलं नाही. नवऱ्याने वाचून दाखवलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणता येणार नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एकदा मी माहेरी आले असताना आई बोलता बोलता म्हणाली, “मावशी गेली की. चार महिने झाले. तुला कळवलं नव्हतं का मी?” झडप पुन्हा आवळत गेली होती. इंजेक्शनं बंद पडली होती, कधीपासून ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला आईकडे ठेवून कामोठ्याला गेले. दोनच बस लागल्या, तासाभराच्या आत पोहोचले. मावशीचा नवरा घराच्या पुढच्या ओट्यावर बसला होता, केस पूर्ण पांढरे. मला ओळखायला त्याला एक क्षण लागला.

“डॉक्टरीन!” तो म्हणाला, आणि आत हाक मारून कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. मग आम्ही बसलो. ती कशी गेली ते त्याने सांगितलं. फार त्रास झाला नाही, म्हणाला. ते खरं असेल असं मला वाटलं नाही, पण मी विचारलं नाही. तिचा एखादा फोटो आहे का, असं मी विचारलं. तो आत गेला, एक पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ तो काहीतरी उलथापालथ करत राहिला, आणि रिकाम्या हातांनी परत आला. “कदी काडलाच नाय,” म्हणाला. “हॉस्पिटलातला तो छातीचा काला फोटो हाय फक्त. तो पायजे का?”

मी हो म्हणाले. त्याने तो आणून दिला. पिवळ्या पाकिटात, कडा वाकलेला. ओट्यावरच्या उजेडात आम्ही दोघांनी तो वर धरून बघितला. त्याला त्यात काय दिसत होतं ते मला माहीत नाही. मी त्याला फासळ्या दाखवल्या, फुप्फुसं दाखवली, आणि मधे डावीकडे झुकलेलं ते मोठं, पांढुरकं हृदय दाखवलं. तो म्हणाला, “थांब जरा, तिच्या भनीला बी दाखव,” आणि तिला बोलवायला उठला.